माझे भाईजान : एक आठवण

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात एका सहशिक्षकाने (बी. ए., बी. एड.) केलेले भाषण)



दरवर्षी या मेळाव्यात मला बोलावयास सांगितले की मी दहावीनंतर काय, शिष्यवृत्तीचे अर्ज कोठे मिळतात, असे काहीतरी सांगतो आणि खाली बसतो. यंदा विषय मीच निवडावा असे सेक्रेटरी साहेबांनी सुचविले. मी माझ्या थोरल्या भावाविषयी बोलणार आहे. ते काही नामवंत गृहस्थ नव्हते. मंगरूळपीरच्या बाहेर त्यांना कुणी ओळखत नव्हते, आणि मंगरूळपिरातही पुष्कळ लोक त्यांना 'सायकलवाल्याचा तो पोरगा' एवढेच म्हणत. ते कधी चालले नाहीत, त्यांनी हातात पेन्सिल धरली नाही, आणि त्यांचे बोलणे घरच्या चार माणसांपलीकडे कुणाला कळत नसे. २०१९ च्या जानेवारीत वयाच्या चौतिसाव्या वर्षी ते गेले.

भाईजान माझ्याहून चार वर्षांनी मोठे. त्यांचा जन्म १९८४ चा, घरीच झाला. अम्मी दोन दिवस अडलेली होती. बाळ जन्मले ते रडलेच नाही. दाईने पाठीवर थापट्या मारल्या, पाणी शिंपडले, तेव्हा बऱ्याच वेळाने त्याने श्वास घेतला. सहा महिने झाले तरी मान धरेना, वर्ष झाले तरी बसेना. कुणी नजर म्हटले, कुणी आणखी काही. अम्मी दर गुरुवारी त्यांना कडेवर घेऊन हजरत दादा हयात कलंदर यांच्या दर्ग्यात जात असे. तिच्या त्या जाण्याला मी नावे ठेवणार नाही. त्या पायऱ्यांवर तिला जो धीर मिळाला तो दुसरीकडे मिळाला नसता. परंतु डॉक्टरकडे जायला तीन वर्षे लागली, हेही खरे आहे. तेव्हा आपला वाशीम जिल्हा झालेला नव्हता; तो १ जुलै १९९८ रोजी झाला. आम्ही अकोला जिल्ह्यातले. शेलूबाजारमार्गे एस.टी.ने अकोल्याला नेले तेव्हा तेथील डॉक्टरांनी प्रथमच त्या आजाराचे नाव सांगितले : सेरेब्रल पाल्सी.

हे नाव अब्बांनी एका बिलाच्या मागे लिहून आणले होते. त्याचा अर्थ मला बी.एड. करताना कळला. जन्माच्या वेळी, जन्माच्या आधी किंवा नंतर लवकर मेंदूला इजा होते. प्राणवायू कमी पडतो, मूल फार आधी जन्मते, कावीळ डोक्यात चढते, किंवा मेंदूज्वर होतो. मेंदूची स्नायूंवर हुकमत राहत नाही. हात एकीकडे न्यावा तर दुसरीकडे जातो, पाय ताठ होतात, जीभ वळत नाही. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या डॉ. विल्यम लिटल यांनी हा विकार प्रथम नीट वर्णन केला, म्हणून पुष्कळ दिवस त्याला लिटलचा आजार म्हणत. ही मेंदूची इजा वाढत जाणारी नसते, पण भरूनही येत नाही. आणि पालकांनी नीट ध्यानात घ्यावी अशी गोष्ट पुढेच आहे. या मुलांपैकी अनेकांची बुद्धी शाबूत असते. तोंडातून लाळ गळते, मान हलते, शब्द फुटत नाही, म्हणून पाहणारा समजतो की आत काही नाही.

भाईजानांच्या आत काय होते ते सांगतो. बसस्टँडजवळ अब्बांचे सायकल दुरुस्तीचे दुकान होते. भाईजान आठ-नऊ वर्षांचे झाले, अम्मीच्या कडेवर मावेनासे झाले, तेव्हा अब्बांनी प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची एक लोखंडी खुर्ची घेतली, तिला दोन जुन्या सायकलींची चाके बसविली, पुढे लहान मुलांच्या सायकलीचे एक चाक लावले, आणि छातीशी बांधायला ट्यूबचा पट्टा केला. तशी खुर्ची मी अद्याप कुठल्या दुकानात पाहिलेली नाही. तीत बसून भाईजान रोज सकाळी दुकानात येत. कोणाच्या सायकलीला किती पंक्चर झाले, कोणी पैसे दिले, कोणाचे राहिले, सारी उधारी त्यांच्या डोक्यात. अब्बांना लिहिता-वाचता बेताचेच येत होते. त्यांनी वही ठेवलीच नाही. सायकल अजून वळणावर असतानाच फ्रीव्हीलच्या आवाजावरून भाईजान सांगत की अमका येतो आहे. अकोला, कारंजा, वाशीम, साऱ्या गाड्यांच्या वेळा त्यांना पाठ. एखादी गाडी उशिरा आली तर त्यांना राग येई, जणू ड्रायव्हर त्यांच्याकडे नोकरीला होता.

रागीट होते, हे लपविण्यात अर्थ नाही. मेलेल्या माणसाला फरिश्ता करून टाकण्याची आपल्याकडे सवय आहे, आणि अपंग माणसाला तर जिवंतपणीच. ईदला मला नवा शर्ट आणि त्यांना माझ्याच मापाचा जुना, असे एकदा झाले. त्यांनी शीरखुर्म्याची वाटी हाताच्या एका झटक्याने भिंतीवर उडविली. हात आपोआप उडाला असे अम्मीला वाटले. मला ठाऊक होते की तो आपोआप उडालेला नव्हता. हसत तेव्हा मात्र सारे अंग हसे, खुर्ची करकरे आणि समोरचा माणूसही हसू लागे.

त्यांचे बोलणे गिऱ्हाइकांना समजावून सांगणे हे माझे काम. मी त्यांचा दुभाष्या होतो. शाळा सुटली की दप्तर खुंटीला अडकवायचे आणि दुकानात उभे राहायचे. ते तीन-चार आवाज काढीत आणि मी म्हणे, "भाईजान म्हणतात, मागचे दीड रुपये राहिले." लोकांना गंमत वाटे. मला प्रथम प्रथम अभिमान वाटे. पुढे लाज वाटू लागली. वर्गातली मुले भाईजानांसारखी मान वाकडी करून मला चिडवीत.

आता जी गोष्ट सांगतो ती मी अम्मी-अब्बांना कधी सांगितली नाही. १९९७ साल असावे. मी चौथीत होतो, भाईजान तेरा वर्षांचे. एका शाळेचे मुख्याध्यापक सायकलची चेन लावून घ्यायला दुकानात आले. भला माणूस होता. भाईजानांकडे पाहून ते हसले, खुशाली विचारली. भाईजान एकदम ताठ झाले, मान सावरण्याचा प्रयत्न करू लागले, आणि फार कष्टाने काहीतरी बोलले. मुख्याध्यापकांनी मला विचारले, "काय म्हणतो रे हा?"

भाईजान म्हणाले होते, "मेरे को भी लो." मलाही घ्या. शाळेत घ्या.

मी नऊ वर्षांचा होतो. माझ्या डोळ्यांपुढे वर्ग आला, ती खुर्ची आली, गळणारी लाळ आली, मान वाकडी करणारी ती मुले आली. मी म्हणालो, "पाणी मागतोय, सर."

मुख्याध्यापक स्वतः उठले. कोपऱ्यातल्या माठातून त्यांनी पेला भरला आणि आपल्या हाताने भाईजानांना पाणी पाजले. भाईजान ते प्याले. अर्धे पाणी सदऱ्यावर सांडले. पिताना ते माझ्याकडे पाहत होते.

बंधू-भगिनींनो, १९९५ साली संसदेने अपंग व्यक्तींसाठी कायदा केला होता आणि १९९६ पासून तो लागू होता. प्रत्येक अपंग मुलास अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षण मिळावे, असे त्यात लिहिलेले होते. म्हणजे त्या दिवशी दुकानात भाईजानांचा हक्क कागदावर होता. मुख्याध्यापकांना तो बहुधा ठाऊक नव्हता, अब्बांना नव्हता, मला तर कोठून असणार? ज्याला तो हवा होता त्याने मागितला, आणि मध्ये मी उभा होतो.

भाईजान पुढे कधी शाळेविषयी बोलले नाहीत. मी पाचवीत गेलो, सातवीत गेलो. रात्री मोठ्याने वाचून पाठ करायची मला सवय. ते पलंगावरून ऐकत. मी इतिहासाच्या सनावळ्या चुकलो की ते आवाज काढून थांबवीत. मला वाटे, अभ्यास मी करतो आहे. मॅट्रिकला मला जे मार्क पडले त्यात त्यांचा वाटा किती, हे मला अजून ठरविता आलेले नाही.

आपल्याच महाराष्ट्रात त्या काळी दुसरे चित्रही होते, हे मला फार उशिरा समजले. मुंबईत मिठू आलूर नावाच्या बाई आहेत. त्यांची मुलगी मालिनी भाईजानांसारखीच, १९६६ साली जन्मलेली. मुलीसाठी शाळा मिळेना, तेव्हा बाईंनी १९७२ साली मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया काढली आणि कुलाब्याला अशा मुलांची शाळा सुरू केली. सिनेतारका नर्गिस या संस्थेच्या पहिल्या आश्रयदात्या होत्या. मालिनी चिब पुढे झेव्हियर्स कॉलेजात शिकून बी. ए. झाल्या, लंडनला जाऊन दोनदा एम. ए. झाल्या, आणि एका बोटाने टाइप करून त्यांनी आत्मचरित्र लिहिले. त्याचे नावच 'वन लिटल फिंगर'. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे नाव आपणांपैकी काहींनी ऐकले असेल. ऐन तारुण्यात कमरेखालचे शरीर लुळे पडले. चाकाच्या खुर्चीत बसून त्यांनी सरकारी नोकरी केली, आणि १९८४ साली, म्हणजे भाईजान जन्मले त्याच वर्षी, 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. त्यांचे 'चाकाची खुर्ची' हे पुस्तक आपल्या शाळांच्या ग्रंथालयांत असावे, अशी माझी विनंती आहे.

मुंबई-कोल्हापूरचे दाखले दिले की आपण म्हणतो, तेथे सोयी आहेत, मोठी माणसे आहेत. खरे आहे. मालिनी यांच्याजवळ इंग्रजी शिकलेली आई होती, भाईजानांजवळ दाईच्या हाती बाळंत झालेली. अम्मीने चौतीस वर्षे रोज त्यांना आपल्या हाताने भरविले. पोळी दुधात कुस्करायची, खिचडी मऊ घोटायची, पाठीला उशी लावून बसवायचे, ठसका लागला तर थांबायचे. एक जेवण एक तासाचे. दिवसातून तीन वेळा. हिशेब आपण करा. अम्मीची कंबर पुढे कायमची गेली.

आता दुसरी कबुली. डी.एड., मग बी. ए., मग बी. एड. करून मी शिक्षक झालो. २०१६ च्या जूनमध्ये पाचवीचा वर्ग माझ्याकडे होता. जवळच्या एका खेड्यातून एक बाप आपल्या मुलीला खांद्यावर घेऊन आला. शेतमजूर माणूस. मुलगी दहा वर्षांची, पाय कात्रीसारखे एकमेकांवर, हात वळलेले, बोलणे अस्पष्ट. भाईजानांचीच प्रतिमा. चौथीपर्यंत गावच्या शाळेत बसत होती. माझ्या वर्गात एकसष्ट मुले होती, वर्ग पायऱ्यांवर होता, संडासाची सोय तिच्या उपयोगाची नव्हती. हे सारे मनात आले आणि मी त्या बापाला म्हणालो, "पुढच्या वर्षी पाहू."

तो काही बोलला नाही. सलाम करून मुलीला पुन्हा खांद्यावर घेतले आणि गेला.

रात्री जेवताना मी हे घरी सांगितले. माझी अडचण किती रास्त होती हेही सांगितले. अम्मी ऐकत होती. भाईजानांचा घास अर्धा झाला होता. त्यांनी तोंड फिरविले आणि एकच शब्द उच्चारला : "पानी."

अम्मीने पेला पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. एकोणीस वर्षे झाली होती. तोपर्यंत मी स्वतःची समजूत घालून घेतली होती की ते विसरले असतील. ज्या माणसाला दीड रुपयाची उधारी तीन-तीन वर्षे लक्षात राहते तो विसरेल, असे मला का वाटले, ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच मी त्या खेड्याला गेलो. मुलीचे नाव दाखल झाले. वर्ग खाली आणला. ती फक्त खोल्यांची अदलाबदल होती, एका तासात झाली. संडासाला दांडी अब्बांनी वेल्डिंग करून आणली. एकसष्टाची बासष्ट झाली. जी अडचण डोंगराएवढी वाटली होती ती एवढीच निघाली. सगळ्याच अडचणी अशा निघत नाहीत. तिला फिट येई तेव्हा मी घाबरून जाई, आणि पावसाळ्यात बापाला मजुरी बुडवून तिला आणावे लागे. पण ते पुढचे पुढे.

येथे बसलेल्या पालकांना थोडे कामाचे सांगतो, कारण हे आमच्या घराला फार उशिरा कळले. १९९५ च्या कायद्याच्या जागी २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. पूर्वी अपंगत्वाचे सात प्रकार धरीत, आता एकवीस आहेत. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलास सहा ते अठरा वर्षे वयापर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. कोणतीही शाळा, आमचीसुद्धा, 'पुढच्या वर्षी पाहू' म्हणू शकत नाही. मूल अंथरुणालाच खिळलेले असेल तर घरी शिक्षण देण्याचीही तरतूद आहे. उच्च शिक्षणात पाच टक्के आणि सरकारी नोकरीत चार टक्के जागा राखीव आहेत. बोर्डाच्या परीक्षेत लेखनिक मिळतो, तासाला वीस मिनिटे अधिक मिळतात. एस.टी.त सवलत आहे. या सर्वांसाठी प्रथम प्रमाणपत्र आणि यू.डी.आय.डी. कार्ड लागते, ते जिल्हा रुग्णालयात तपासणी होऊन मिळते. भाईजानांचे प्रमाणपत्र त्यांच्या वयाच्या चोविसाव्या वर्षी काढले. तोपर्यंत सरकारी कागदांत ते नव्हतेच म्हणा ना.

आणि एक प्रश्न, जो प्रत्येक अशा आईच्या उशाशी असतो. अम्मी रात्री नमाजनंतर तोच विचारीत असे : माझ्या मागे याचे काय? १९९९ साली सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, मतिमंदत्व व बहुविकलांगत्व असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला आहे. त्याप्रमाणे मूल अठरा वर्षांचे झाल्यावर त्याच्यासाठी कायदेशीर पालक नेमता येतो. जिल्हाधिकाऱ्यांचा सहभाग असलेली स्थानिक समिती ते काम करते. न्यासाची 'निरामय' नावाची आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत उपचार-खर्चाची. हे ऐकून कुणाची चिंता संपणार नाही. अम्मीचीही संपली नसती. पण तिला निदान विचारायला एक दार होते, हे तिला कुणी सांगितले नाही.

आपल्या दीनमध्ये हजरत अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम यांची गोष्ट लहानपणापासून आपण ऐकतो. ते अंध होते. ते शिकायला आले असताना मोठ्या सरदारांकडे लक्ष गेल्यामुळे त्यांच्याकडे क्षणभर दुर्लक्ष झाले, आणि त्यावर सूरह अबसाच्या आयती उतरल्या. तेच पुढे मदिनेत अजान देत. मी आलिम नाही, अधिक बोलणार नाही. फक्त एवढे ध्यानात येते की ते शिकायला आले होते. खैरात मागायला नव्हे.

भाईजान गेले ते न्यूमोनियाने. अशा माणसांना गिळताना ठसका लागून अन्नाचा कण फुप्फुसात जातो, तसे झाले. चार दिवस अकोल्याला होते. त्यांच्या जनाजाला बसस्टँडवरचे तीन ड्रायव्हर आले होते, हे मी लिहून ठेवले आहे. दफन करून आलो तेव्हा अब्बा दुकानात गेले आणि खुर्चीच्या चाकांत हवा भरू लागले. कशासाठी ते त्यांनाही सांगता आले नाही.

त्या वेळी ती मुलगी सातवीत होती. २०२२ साली तिने दहावीची परीक्षा दिली. लेखनिक म्हणून नववीतली एक मुलगी मिळाली. तिला हिचे बोलणे कळेना, म्हणून पंधरा दिवस दोघींना शाळा सुटल्यावर एकत्र बसविले. पहिल्या दिवशी नववीतली मुलगी अंदाजाने उत्तरे लिहू लागली. मी तिची वही बंद केली. म्हणालो, "ती जे बोलेल तेच लिहायचे. समजले नाही तर पुन्हा विचार, दहादा विचार. आपल्या मनाचे एक अक्षर घालायचे नाही." पोरगी बिचारी घाबरली. माझा आवाज उगाच चढला होता.

विद्यार्थिनी पास झाली. आता अकोल्याला कॉलेजात आहे.

मंडळी, सभा संपल्यावर मी फाटकाजवळ थांबणार आहे. ज्यांच्या घरी, शेजारी, मोहल्ल्यात असे मूल असेल त्यांनी मला फक्त नाव आणि वय सांगावे; प्रमाणपत्राचे अर्ज मी बरोबर आणले आहेत आणि ते भरून द्यायला नववीची चार मुले बसली आहेत. मुलाला आज आणले असेल आणि उचलून उचलून हात भरून आले असतील, तर शाळेच्या व्हरांड्यात एक लोखंडी खुर्ची ठेवली आहे, प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची, सायकलच्या चाकांची. अब्बांनी आज सकाळीच तिच्यात हवा भरली आहे.

खुदा हाफिज.